‘हे तुला कुणी सांगितलं?’ : पत्रकारिता शिकली की लिहिणं नेमकं कुठं बदलतं

शेजारच्या मामींची पोरगी यंदा पीयूसी सेकंड, म्हणजे बारावी, पास झाली. मार्क बरे पडलेत आणि तिला जर्नालिझम घ्यायचंय. गेल्या आठवड्यात एका संध्याकाळी मामी येऊन पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "आक्का, तू केलीस न्हवं ती डिग्री? मग मला एवढंच सांग, लिवायला तर येतंयच की तिला, निबंधात पयला नंबर हाय, तीन वर्सं तिथं आणि काय शिकवूलाल्यात?"

रिझल्ट लागले की दरवर्षी कुणी ना कुणी मला हेच विचारतं आणि प्रश्न अगदी रास्त आहे. डॉक्टरकीत शरीर शिकवतात, सिव्हिलला पूल बांधायला शिकवतात, हे कळतं. पण लिहिणं तर सगळ्यांनाच येतं, आणि आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे, गल्लीत पाणी तुंबलं की दहा मिनिटांत ग्रुपवर फोटो आणि खाली चार ओळी येतातच, मग त्यासाठी फी भरून शिकायचं ते काय? मामींना मी जमेल तसं सांगितलं, पण नंतर वाटलं की नीट लिहून काढावं, कारण बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात मराठी शाळेतून आलेल्या खूप मुलांना आणि त्यांच्या आईबापांना हा प्रश्न असणार.

शाळेत आपण कुणासाठी लिहितो

आधी शाळेकडे जाऊया, कारण सवय तिथं लागते.

मी खानापूर तालुक्यातली. कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको, दिवसेंदिवस सूर्य दिसत नाही, चूल पेटत नाही, घरात तीन ठिकाणी भांडी मांडून ठेवावी लागतात. आणि शाळेत ‘पावसाळ्यातील एक दिवस’ असा निबंध आला की आम्ही सगळ्या पोरी लिहायचो, धरणीमातेने हिरवा शालू नेसला होता. जिच्या घरात गळत होतं तीपण शालूच लिहायची. कारण शालूला मार्क होते, गळणाऱ्या कौलाला मार्क आहेत की नाहीत हे कुणाला माहीत नव्हतं.

यात शिक्षकांना नावं ठेवायची नाहीत मला, त्यांनीच मला वाचायला लावलं. पण निबंधाचा वाचक एकच असतो, बाई किंवा सर. त्यांना तो शेवटपर्यंत वाचावाच लागतो. त्यातलं काही खरं आहे का हे ते तपासत नाहीत, भाषा तपासतात. म्हणून मूल शिकतं की लिहिणं म्हणजे सुरुवात सजवायची, मध्ये एखादी म्हण आणि सुविचार घालायचा, पान भरायचं, शेवटी उपदेश करायचा. तेही एक कौशल्य आहेच. फक्त त्यात लिहिणारी मध्यभागी असते, मला किती छान लिहिता येतं ते बघा, असं.

पत्रकारितेच्या वर्गात पहिल्या आठवड्यात वाचक बदलतो. आता वाचक म्हणजे बसमध्ये उभा राहून पेपर वाचणारा माणूस. त्याचा स्टॉप चार मिनिटांत येणार आहे, तुम्ही कोण हे त्याला माहीत नाही, आणि पुढची ओळ वाचायची त्याच्यावर काही सक्ती नाही.

शेवटचं आधी सांगायचं

या वाचकासाठी जी पहिली युक्ती शिकवतात तिला उलटा पिरॅमिड म्हणतात. सगळ्यात महत्त्वाचं सगळ्यात वर, मग त्याच्याखालोखाल, आणि नसलं तरी चालेल असं तळाला. बातमीचा जो पहिला परिच्छेद असतो त्याला इंट्रो म्हणतात आणि त्यात सहा ‘क’ पैकी मोठ्यात मोठे क आलेच पाहिजेत : कोण, काय, कुठं, कधी, का, कसं.

मार्केट यार्डात बटाट्याचं पोतं बघितलंय ना, गिऱ्हाईक पोत्याचं तोंड उघडून वरचे चार बटाटे बघतं आणि ठरवतं. म्हणून काही जण मोठे बटाटे वर ठेवतात आणि बारके खाली दडपतात. बातमीतही चांगला माल वर ठेवायचा असतो, पण कारण उलटं आहे, वाचक वरचंच बघून जाणार हे माहीत असतं म्हणून तेवढ्यातही त्याला पूर्ण गोष्ट कळावी, तो फसू नये, यासाठी. दुसरं कारण एकदम व्यवहारी आहे. रात्री पान लागताना ऐनवेळी जाहिरात आली तर उपसंपादक बातमी खालून कापतो. तुम्ही मुद्दा शेवटच्या ओळीत राखून ठेवला असेल तर तो मुद्दाच जातो.

उदाहरण घेऊ. समजा बळ्ळारी नाल्याचं पाणी वडगावच्या शिवारात शिरलंय (हे आपल्याकडं दर पावसाळ्याचं दुखणं आहे) आणि निबंधात पहिल्या आलेल्या मुलीला त्यावर लिहायला सांगितलं. ती लिहील : निसर्गापुढे मानव हतबल आहे. गेल्या काही दिवसांपासून वरुणराजाने शहर परिसरात थैमान घातले असून बळीराजा हवालदिल झाला आहे.

यात चूक काही नाही, पण ही दोन वाक्यं कुठल्याही वर्षाला, कुठल्याही गावाला चालतात. मागच्या वर्षी चालली असती आणि पुढच्या वर्षीही चालतील. आता तीच मुलगी सहा महिने शिकून आली की तिचं पहिलं वाक्य असं काहीतरी होतं : बळ्ळारी नाल्याचं पाणी शिरल्यानं वडगाव शिवारातलं भात दोन दिवसांपासून पाण्याखाली आहे आणि उद्यापर्यंत पाणी उतरलं नाही तर रोपं कुजतील, असं इथल्या शेतकऱ्यांचं म्हणणं आहे.

हे वाक्य दिसायला साधं आहे. पण ते लिहायला तिला शिवारात जावं लागलं, चिखलात उभं राहून दोन-चार जणांशी बोलावं लागलं, भाताचं रोप किती दिवस पाण्यात टिकतं ते विचारावं लागलं. आणि लिहून झाल्यावरही तिला टोचत राहतं की क्षेत्र किती हे आलंच नाही, मग ती तलाठ्याला फोन लावते. बदल हाच आहे बघा. आधी ती शब्द शोधत होती, आता माहिती शोधते, आणि माहिती मिळाली की शब्द फार लागतच नाहीत.

‘हळहळ कुणी व्यक्त केली?’

आता माझ्या मते या शिक्षणातला सगळ्यात मोठा धडा, आणि तो मला एका लाल गोलातून मिळाला.

वर्गात पहिलीच बातमी लिहायला दिली होती, एका अपघाताची. मी शेवटी लिहिलं, ‘या घटनेमुळे परिसरात हळहळ व्यक्त होत आहे.’ आपण हे वाक्य लहानपणापासून पेपरात इतक्यांदा वाचलेलं असतं की बातमीला ते लागतंच असं वाटतं. सरांनी त्याला गोल केला आणि विचारलं, हळहळ कुणी व्यक्त केली? मी म्हटलं, लोकांनी. किती लोकांशी बोललीस? एकाशी, कोपऱ्यावरच्या चहावाल्याशी. तो काय म्हणाला? तो म्हणाला होता, रोज सात वाजता यायचा, अर्धा चहा घ्यायचा, आज कप पुसून ठेवला आणि मग आठवलं. सर म्हणाले, मग हे लिही की, हळहळ कशाला लिहितेस.

त्या दिवसानंतर मला पेपर वेगळाच दिसायला लागला. नागरिकांतून संताप व्यक्त होत आहे. चर्चेला उधाण आले आहे. एकच खळबळ उडाली. सूत्रांच्या माहितीनुसार. प्रत्येक ठिकाणी मनात येतं, कोण? किती जण? कधी बोलले?

जी गोष्ट तुम्ही स्वतः पाहिली नाही ती कुणाच्या तोंडची आहे हे वाक्यातच सांगायचं, याला ऍट्रिब्यूशन म्हणतात. आपण साधं नाव देऊया, वाक्याचा उतारा. भावकीत जमिनीचा वाद झाला की प्रत्येकजण सांगतो आजोबांनी मला दिली होती, आणि सगळे आपापल्या जागी खरं बोलत असतात, पण ऑफिसात साहेब विचारतो आरटीसी उतारा (म्हणजे इथला सातबारा) आणलाय का. तोंडी सांगणं वेगळं आणि उताऱ्यावर नोंद असणं वेगळं. शाळेत आपण उतारा वाचून त्याखालच्या प्रश्नांची उत्तरं लिहायचो, इथं प्रत्येक वाक्याचा उतारा काढायला शिकवतात. हे मी डोळ्यांनी बघितलं. हे पंचायतीच्या मेंबरनं सांगितलं. हे एफआयआरमध्ये आहे. हे मला वाटतं. या चार गोष्टी निबंधात एकाच रांगेत बसतात, बातमीत चौघांच्या खुर्च्या वेगळ्या असतात आणि ‘मला वाटतं’ला बहुतेक वेळा खुर्चीच नसते.

ही सवय लागली की ती मुलगी घरात पण बदलते, हे मामींना मी आधीच सांगून ठेवलंय. कुणी म्हणालं अमक्याच्या सुनेनं असं केलं म्हणे, की ती विचारणार, तुला कुणी सांगितलं?

गर्दी ‘हजारोंची’ म्हणजे किती

आकड्यांचं पण तसंच. आपल्याकडं सभा, मोर्चे, मिरवणुका कमी नाहीत. एक नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, तर एकाच शहरात एकीकडं राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि दुसरीकडं मराठी लोकांच्या काळ्या दिनाची मूक सायकल फेरी. दोन्हीकडं किती लोक होते हे दुसऱ्या दिवशी चार ठिकाणी वाचा, चार आकडे सापडतील, आणि बहुतेक ठिकाणी आकडा नसेलच, ‘अलोट जनसागर’ असेल.

गर्दीचा अंदाज काढायची एक साधी रीत आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेत बर्कलीच्या युनिव्हर्सिटीत हर्बर्ट जेकब्स म्हणून पत्रकारितेचे प्राध्यापक होते, त्यांच्या ऑफिसच्या खिडकीतून चौक दिसायचा आणि तिथं सारखी विद्यार्थ्यांची आंदोलनं व्हायची. चौकातल्या फरशीवर चौकोन आखलेले होते. त्यांनी काही चौकोनांतली माणसं मोजली आणि भरलेल्या चौकोनांच्या संख्येनं गुणलं. त्यातून त्यांनी एक ठोकताळा काढला की सैल गर्दीत एका माणसाला सुमारे १० चौरस फूट जागा लागते, दाट गर्दीत साडेचार चौरस फूट. आता हिशोब करा. १०० फूट लांब आणि १०० फूट रुंद मैदान म्हणजे १०,००० चौरस फूट. लोक सैल उभे असतील तर ते पूर्ण भरलं तरी हजार माणसं, खांद्याला खांदा लागत असेल तर साधारण बावीसशे. त्या मैदानात दहा हजार लोक जमले असं कुणी स्टेजवरून सांगितलं तर ते बसतच नाहीत. चालत्या मिरवणुकीला ही रीत चालत नाही, तिथं एका जागी उभं राहून मिनिटाला किती माणसं पुढं गेली ते मोजायचं.

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा वाईट वाटलं होतं. आमच्याच लोकांची सभा होती आणि माझा आकडा आयोजकांच्या आकड्यापेक्षा बराच कमी आला. पण मग वर्गात ठरलं तसं लिहिलं, आयोजक एवढे सांगतात, पोलीस एवढे सांगतात, मैदानाच्या मापावरून अंदाज एवढा येतो. वाचकाच्या हातात तिन्ही आकडे दिले. त्याला काय समजायचं ते तो समजेल.

कन्नड कागद, मराठी बातमी

हा भाग पुण्या-मुंबईच्या मुलांना लागत नाही, आपल्याला लागतो. आपल्याकडं माणूस मराठीत बोलतो आणि त्याच्याबद्दलचा कागद कन्नडमध्ये असतो. एफआयआर कन्नडमध्ये, परिपत्रक कन्नडमध्ये, पंचायतीचा ठराव कन्नडमध्ये. म्हणजे मराठी बातमी लिहिणारा इथं निम्मा वेळ भाषांतर करत असतो, आणि भाषांतरात वाक्याचा उतारा हरवायला वेळ लागत नाही.

नात्याचंच बघा. कन्नडमध्ये ‘माव’ म्हणजे सासरा पण होतो आणि मामा पण होतो. ‘अळिय’ म्हणजे जावई आणि बहिणीचा मुलगा, दोन्ही. तिकडं मामाच्या घरात लग्न व्हायची रीत जुनी, त्यामुळं शब्द एक झाले असावेत. पण मराठीत लिहिताना तुम्हाला एक निवडावाच लागतो, आणि जमिनीच्या भांडणाच्या बातमीत जावई लिहिलं आणि तो निघाला भाचा, तर एका घराची बदनामी झाली की नाही? निबंधात हा प्रश्न येत नाही. बातमीत येतो, म्हणून फोन करून विचारायचं की माव म्हणजे नक्की कोण. दोन मिनिटांचं काम असतं. न विचारता अंदाजानं लिहायची ओढ मात्र फार जबरदस्त असते, विशेषतः रात्री दहा वाजता.

यातून शब्दांकडं बघायची नजर तयार होते. ‘अतिक्रमण हटवले’ आणि ‘घरं पाडली’ एकाच घटनेबद्दल असू शकतात. ‘आरोपी’ आणि ‘गुन्हेगार’ यांच्यात पूर्ण कोर्ट उभं आहे. आपल्या शहराचं नावच घ्या, १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदात बेळगावी झालं, मराठी माणूस बोलताना-लिहिताना बेळगाव म्हणतो. मी बेळगाव लिहिते, कारण माझ्या भाषेत ते तसं आहे, पण सरकारी आदेशातला मजकूर जसाच्या तसा द्यायचा असेल तर त्यात बेळगावीच राहतं, दुसऱ्याच्या तोंडचा शब्द मी बदलत नाही.

दोन भाषांची ही कसरत मराठी पत्रकारितेला नवी पण नाही. बाळशास्त्री जांभेकर आपल्या घाटाखालच्या देवगडकडचे, पोंभुर्ल्याचे. त्यांनी ६ जानेवारी १८३२ ला मुंबईत ‘दर्पण’ काढलं ते मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत, शेजारी शेजारी स्तंभ. म्हणजे मराठीतलं पहिलं वर्तमानपत्रच अशा माणसानं लिहिलं ज्याचं प्रत्येक वाक्य दुसऱ्या भाषेतल्या वाचकासमोर पण उभं राहणार होतं. बेळगावात बाबूराव ठाकूरांनी १९१९ मध्ये ‘तरुण भारत’ सुरू केलं, त्यालाही शंभर वर्षं होऊन गेली. या भागात मराठीत बातमी लिहिणं ही काही उपरी गोष्ट नाही, हे मुलांना सांगायला पाहिजे.

काय लिहायचं नाही

कुणाचं नुकसान होईल हा विचार निबंधात करावा लागत नाही. पत्रकारितेत त्याचे कायदे आहेत. लैंगिक अत्याचाराच्या बळीचं नाव किंवा ओळख पटेल असं काही छापायला कायद्यानं बंदी आहे (१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं ७२ वं कलम), मुलांच्या बाबतीत पोक्सो म्हणजे बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याचं २३ वं कलम आहे. आत्महत्येची बातमी कशी द्यावी, पद्धत आणि जागा सविस्तर सांगू नये, हेडलाईन भडक करू नये, यावर प्रेस कौन्सिलनं २०१९ मध्ये सूचना स्वीकारल्यात.

कलमं पाठ होतात. पण आपल्या भागात ती पाळायची म्हणजे जास्त डोकं लावावं लागतं. खानापूर तालुक्यात जंगलातली चाळीस-पन्नास घरांची गावं आहेत. तिथल्या गावाचं नाव घालून ‘सातवीत शिकणारी मुलगी’ असं लिहिलं की नाव छापायची गरज राहिली का? शाळेत सातवीत एकच मुलगी असते. मोठ्या शहरात जे लपतं ते लहान गावात उघडं पडतं, म्हणून गावाचं नाव पण काढायचं, इयत्ता पण काढायची, बापाचा धंदा पण काढायचा. बातमी लहान होते, होऊ दे. एक माहिती हातात असून ती न लिहिणं, हे लिहायला शिकण्यातलंच एक आहे, आणि मला ते सगळ्यात उशिरा जमलं.

‘पण मग भाषा कोरडी होते की’

हा आक्षेप मराठीच्या शिक्षकांकडून हमखास येतो आणि तो मी मनावर घेते, कारण आपल्या भागात मराठी टिकवायचं काम त्यांनीच केलंय. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, गावोगावी साहित्य संमेलनं भरतात, ग्रंथदिंडी निघते, शेतकरी बायका डोक्यावर पदर घेऊन कविसंमेलन ऐकायला बसतात. अशा ठिकाणी वाढलेल्या मुलीला सांगायचं की उपमा काढ, विशेषणं काढ, तर तिला वाटणारच की माझी भाषा काढून घेतली.

पहिलं वर्षभर तसं होतं पण. मी कबूल करते. माझं लिहिणं त्या वर्षी पोलीस डायरीसारखं झालं होतं, आणि काहींचं तसंच राहतं.

पण पुढं काय होतं ते बघा. विशेषण बंद झालं की त्याची जागा भरायला तुम्हाला काहीतरी आणावं लागतं. ‘गरीब म्हातारी’ लिहायचं नाही म्हटल्यावर मी तिच्या घरात काय काय आहे ते बघायला लागते, एक चटई, एक गॅस कनेक्शनचं कार्ड, सिलिंडर नाही, कोपऱ्यात सरपण. हे लिहिलं की गरीब शब्दाची गरजच उरली नाही. चहावाल्याचा पुसलेला कप आठवा. हळहळ हा शब्द साहित्यिक वाटतो, पण कप जास्त लागतो की नाही? आणि माणसांचं बोलणं जसंच्या तसं टिपायची सवय लागली की आपली बोली कागदावर येते. शाळेत ‘पाऊस पडूलालाय’ असं लिहिलं तर लाल रेघ, पण शेतकऱ्याच्या तोंडचं वाक्य म्हणून तेच बातमीत अवतरण चिन्हात मानानं बसतं. मला वाटतं आमच्या आजीची मराठी मी पहिल्यांदा नीट लिहिली ती पत्रकारितेच्या वहीत.

‘आपल्यावर अन्याय होतो तिथं तटस्थ कसलं राहायचं?’

हा खरा इथला प्रश्न आहे. मामींच्या दिरानं पण हाच विचारला. सीमाभागात मराठी माणूस म्हणून जन्मलात आणि वर्गात सांगतात दोन्ही बाजू घ्या. म्हणजे सत्तर वर्षांचं दुखणं बाजूला ठेवायचं का?

दोन गोष्टींची गल्लत होते इथं. मत असू नये असं कुणी शिकवत नाही. मताची जागा वेगळी असते, अग्रलेख, लेख, पत्र. बातमीच्या खोलीत मत आणायचं नाही आणि मताच्या खोलीतही खोटी माहिती आणायची नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, सीमावादासाठी केंद्रानं नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ मध्ये आला, महाराष्ट्र ८६५ गावांवर हक्क सांगतो, २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा आहे, कर्नाटकाचं म्हणणं की महाजन अहवाल अंतिम आहे. या ओळींत माझं मत कुठं नाही आणि माझ्या वर्गातली गोकाकची कन्नड मैत्रीण पण यातली एक ओळ खोडू शकत नाही. आम्ही दोघींनी एकदा एकाच आंदोलनाची बातमी लिहिली, तिनं कन्नडमध्ये आणि मी मराठीत, आणि मग एकमेकींना तोंडी अर्थ सांगून तपासली. माझ्यात ‘अन्यायी’ हे विशेषण तीन वेळा होतं. तिच्यात आंदोलकांपैकी एकाचंही बोलणं नव्हतं. दोघींना एकमेकींची चूक लगेच दिसली, स्वतःची दिसली नव्हती.

आणि व्यवहाराचं बोलायचं तर, ज्याच्यावर अन्याय होतो त्याला तर असं लिहिणं जास्त लागतं. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा जास्त असतील तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात असं केंद्राचं ठरलेलं धोरण आहे. घटनेच्या ३५० ब कलमाखाली भाषिक अल्पसंख्याकांसाठी वेगळा अधिकारी नेमलेला असतो. त्याच्याकडं ‘आमच्यावर घोर अन्याय होत आहे’ असं चार पानं लिहून पाठवलं तर काय होणार? आणि ‘या तारखेला, या ऑफिसात, या कामाचा अर्ज मराठीत दिला, खिडकीवरून तो परत केला, लेखी कारण मागितलं ते दिलं नाही, सोबत अर्जाची प्रत’ असं अर्ध्या पानात पाठवलं तर त्याला उत्तर द्यावं लागतं. रागानं लिहिलेलं आपल्याच माणसांना पटतं, ते आधीपासूनच आपले असतात. ज्याला पटवायचंय तो पुरावा मागतो.

‘टीव्हीवर तर असं कुणी करत नाही, आणि आता एआय आहेच’

पहिलं खरं आहे, सगळे करत नाहीत. डेडलाईन असते, जाहिरातदार असतो, पगार उशिरा होतात, तालुक्याच्या वार्ताहराला बातमीमागं मिळतं ते सांगायलाही नको. शिकवलेलं आणि चालतं ते यात अंतर आहे आणि ते मुलांना आधीच माहीत असलेलं बरं. पण वजनकाटा कसा असावा हे माहीत असेल तर तो मारलेला आहे हे कळतं, नाहीतर तेही कळत नाही.

एआयचं तर त्याहून साधं आहे. तुम्ही सांगाल ते तो सुबक मराठीत मांडून देतो, बळीराजा हवालदिल तर तो माझ्यापेक्षा छान लिहितो. पण वडगावच्या शिवारात पाय घालून पाणी गुडघ्यापर्यंत आहे की पोटरीपर्यंत हे तो बघून येत नाही, आणि माव म्हणजे कोण हे विचारायला फोन करत नाही. कुणीतरी जाऊन आणलेलं त्याला लागतं.

पत्रकार नाही झाली तर?

माझ्या बॅचमधल्या बऱ्याच जणी पेपरात नाहीत. एक शाळेत शिकवते, एक बँकेत आहे, एकीनं घरची शेती बघितली आणि ती गावातल्या सगळ्यांचे अर्ज लिहून देते. माहिती अधिकाराचा अर्ज बघा, कायदा २००५ चा, फी १० रुपये, पण कर्नाटकाच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे. दीडशे शब्दांत काय पाहिजे, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंतचं, कुठला कागद, हे सगळं आलं पाहिजे. निबंधाच्या सवयीनं लिहिलं तर दीडशे शब्द ‘सविनय’ आणि ‘आपल्या कार्यतत्पर कारकिर्दीत’ यातच संपतात. ती मात्र पहिल्या ओळीत कागदाचं नाव लिहिते.

मामींच्या पोरीला मी त्या दिवशी एक काम दिलं होतं. गल्लीत नळाला पाणी किती दिवसांनी येतं यावर पाच ओळी लिहून आण म्हटलं. दुसऱ्या दिवशी आली, छान अक्षरात, सुरुवात अशी, पाणी म्हणजे जीवन. चौथ्या ओळीत होतं, आमच्या गल्लीत आठ-दहा दिवसांनी पाणी येते. मी विचारलं, आठ की दहा? ती म्हणाली, सगळे तसंच म्हणतात. सगळे म्हणजे कोण? ती थांबली, वही मिटली आणि गेली.

काल संध्याकाळी परत आली. वहीत तीन घरांतल्या कॅलेंडरवरच्या तारखा उतरवून आणल्या होत्या. बायका पाणी आलं की कॅलेंडरवर टिकली लावून ठेवतात, हे मला एवढी वर्षं त्या गल्लीत राहून माहीत नव्हतं. दोन घरांच्या तारखा जुळत होत्या, तिसऱ्या घराच्या एका दिवसानं पुढं होत्या, ते घर चढावर आहे. ती म्हणाली, तिथं पाणी दुसऱ्या दिवशी चढतं का ते विचारायला पाहिजे, आणि पाणी सोडणाऱ्या वॉल्व्हमनचा नंबर आहे का म्हणून मला विचारायला लागली.